आधी दप्तर, मग शहर : वॉर्साच्या राजधानी पुनर्बांधणी कार्यालयाचा इतिहास

संस्थेचा इतिहास लिहायचा तर स्थापनेची तारीख, पहिले कार्यकारी मंडळ, जागेसाठी झालेली वणवण असा क्रम ठरलेला असतो. वॉर्सा शहरातल्या राजधानी पुनर्बांधणी कार्यालयाची तारीख सहज देता येते : १४ फेब्रुवारी १९४५. अडचण एवढीच की या कार्यालयाचे बरेचसे काम त्या तारखेच्या आधीच झालेले होते. जर्मन फौजांच्या ताब्यातल्या शहरात काही वास्तुविशारद, शिक्षक आणि विद्यार्थी दार लावून बसत आणि युद्ध संपल्यावर वॉर्सा कसे असेल याचे आराखडे काढत. शहराचा पुढचा इतिहास कागदावर आधी उतरला. तो घडवणारी कचेरी मागाहून निघाली.

वळिवड्याच्या पोलिश छावणीवरच्या स्मरणिकेत वॉर्साच्या एका सरकारी कचेरीला जागा कशाला, असे कुणीही विचारील. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बायका, मुले आणि म्हातारी माणसेच जास्त. सैबेरिया, कझाकस्तान, इराण असे हाल सोसत ती इथवर आली. बराकींमध्ये शाळा भरत, चर्चमध्ये प्रार्थना होत, नाटके बसत. मुलांना पोलंडचा इतिहास-भूगोल शिकवला जाई तो परत जायचे आहे या हिशेबानेच. त्याच वर्षांत तिकडे परतण्याची जागा कागदावर आखली जात होती. दोन्हीकडे गृहीत एकच होते, आज ना उद्या घर पुन्हा नांदते होणार. ते कुठे खरे ठरले आणि कुठे फसले हे पाहायचे तर या कार्यालयाचे दप्तर उघडावे लागते.

दप्तराची सुरुवात वॉर्सा पॉलिटेक्निकमधल्या पोलिश वास्तुकला विभागात झाली. ऑस्कर सोस्नोव्स्की हे त्याचे संस्थापक. जुनी घरे, चर्च, वाडे, गावोगावची लाकडी सिनेगॉग यांची मोजणी करायला ते विद्यार्थ्यांना पाठवत. टेप, वही, पेन्सिल; दाराची रुंदी, कमानीची उंची, कौलांचा उतार. परीक्षेपुरते केलेले हे काम पुढे कशाला उपयोगी पडणार आहे याची त्या पोरांना कल्पना असण्याचे कारण नव्हते. पोलंडमधली बहुतेक लाकडी सिनेगॉग आज जिथे आहेत, ती याच कागदांवर. सप्टेंबर १९३९मध्ये शहरावर तोफा-बॉम्बचा मारा चालू असताना विभागाचा संग्रह वाचवण्याच्या धडपडीत सोस्नोव्स्की जबर जखमी झाले आणि त्यातच गेले. संग्रहाची जबाबदारी आली यान झाख्वातोविच यांच्याकडे.

जर्मनांनी पोलिश माणसाला उच्च शिक्षण बंद केले होते. वर्ग चोरून भरत राहिले आणि मोजण्या चालू राहिल्या. दुसरीकडे एका गृहनिर्माण सहकारी संस्थेच्या आडोशाने एक नगररचना कार्यशाळा उघडली गेली. शिमोन आणि हेलेना सिर्कुस हे दांपत्य, रोमान पिओत्रोव्स्की, झिग्मुंट स्किब्निएव्स्की ही मंडळी तिथे होती. ही माणसे नव्या मताची. त्यांना जुन्या घरांचे फारसे कौतुक नव्हते. अंधाऱ्या चौकांत कोंबलेल्या भाडोत्री चाळी जाऊन ऊन, झाडे आणि रुंद रस्ते यावेत असे त्यांचे स्वप्न. १९४२मध्ये शिमोन सिर्कुस पकडले गेले आणि ऑशविट्झला रवाना झाले. ते वाचले. कार्यशाळेचे काम मात्र त्यांच्यावाचूनही थांबले नव्हते.

याच सुमारास वॉर्साचे भविष्य आणखी एका टेबलावर लिहिले जात होते. १९४०मध्ये जर्मन नगररचनाकारांनी 'नवे जर्मन शहर वॉर्सा' असा आराखडा केला. सुमारे १३ लाखांच्या राजधानीचे लाख-सव्वा लाख वस्तीचे टुमदार गाव करायचे, पोलिश कामकरी विस्तुला नदीपलीकडे ठेवायचे आणि ज्यूंना त्यात जागाच नाही. यांतला बांधकामाचा भाग कधी झाला नाही, पाडकामाचा झाला. आधी ज्यूंची कोंडवस्ती : १९४० साली ती भिंतीने बंद केली गेली, १९४२मध्ये तिथली माणसे ट्रेब्लिंकाला नेऊन मारली गेली, आणि १९४३च्या उठावानंतर तो भाग सपाट केला गेला. पुढे १ ऑगस्ट १९४४ला शहरातला मोठा उठाव सुरू झाला. तो ६३ दिवस चालला. दीड ते दोन लाख नागरिक त्यात मारले गेले. उरलेल्यांना शहराबाहेर काढले आणि मग रिकाम्या शहरात जर्मन तुकड्या घरोघर, रस्तोरस्ती फिरून आग लावत, सुरुंग पेरत राहिल्या. लढाई संपल्यावर शहर नष्ट करण्याचे हे काम साडेतीन महिने चालले. डाव्या तीरावरच्या सुमारे ८५ टक्के इमारती गेल्या.

या साडेतीन महिन्यांतच दप्तर वाचले. उठावकऱ्यांच्या शरणागतीच्या करारातल्या एका कलमाचा आधार घेऊन राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक स्तानिस्लाव लोरेन्त्स यांनी पुस्तके आणि कलावस्तू बाहेर काढण्याची परवानगी मिळवली. जवळच्या प्रुश्कूव्ह गावातून माणसे येत, जळत्या शहरात खोकी भरत, परत जात. झाख्वातोविच यांनी मोजणी-नकाशांचे गठ्ठे याच वाटेने हलवले आणि पिओत्रकूव्हच्या मठात लपवले. नकाशे शहराबाहेर, शहर आगीत. पुनर्बांधणीचा खरा आरंभ मी इथे मानतो.

१७ जानेवारी १९४५ला सोव्हिएत आणि पोलिश सैन्य डाव्या तीरावर शिरले. राजधानी वुच शहरात न्यावी, हे भग्नावशेष तसेच सोडावेत, असे म्हणणारेही होते. नव्या सत्तेने वॉर्साच्या बाजूने कौल दिला. त्यात राजकारण होतेच. मॉस्कोच्या पाठबळावर आलेल्या सरकारला लोकांच्या मनात शिरायला याहून सरळ रस्ता नव्हता. फेब्रुवारीत कार्यालय स्थापन झाले. प्रमुख रोमान पिओत्रोव्स्की, उपप्रमुख युझेफ सिगालिन आणि विटोल्ड प्लापिस, नगररचनेला स्किब्निएव्स्की, ऐतिहासिक वास्तू विभागाला झाख्वातोविच. म्हणजे चोरून चालणारी कार्यशाळा आणि चोरून मोजणी करणारा विभाग एका छपराखाली आले. ते छप्पर मोकोतूव्ह भागात खोचिम्स्का रस्त्यावर धड राहिलेल्या एका इमारतीचे. थोड्याच महिन्यांत नोकरवर्ग दीड हजारांच्या घरात गेला.

पहिले काम पंचनाम्याचे. सैन्याचे सुरुंगपथक पुढे जाई आणि तपासलेल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'सुरुंग नाहीत' असे लिहून ठेवी. मागून कार्यालयाची माणसे. घर क्रमांक अमुक, छप्पर नाही, जिना दुसऱ्या मजल्यापर्यंत, पुढची भिंत उभी पण कललेली. मग ते सारे नकाशावर रंगांत उतरे. उद्ध्वस्ततेची प्रतवारी लावायची होती, कारण प्रतवारीवरच ठरणार होते की काय दुरुस्त करायचे आणि काय पाडायचे. चौकांत, बागांत, फरसबंदीखाली घाईने पुरलेली माणसे होती. तीही उकरून नीट दफन करायची होती. आराखड्याची कागदपत्रे वाचताना ही बाब विसरायला होते. त्या वर्षी वॉर्सात फावड्याला काय लागेल याचा नेम नव्हता.

आणि लोक? लोकांनी आराखड्याची वाट पाहिली नाही. जानेवारीतच गोठलेल्या विस्तुला नदीवरून, पुलांशिवाय, पोती आणि हातगाड्या घेऊन माणसे परतू लागली. कार्यालयाच्या हिशेबात आधी ढिगारा उचलायचा, मग नळ, मग वीज, मग घरे, मग माणसे. प्रत्यक्षात माणसे आधी आली. तळघरांत संसार मांडले, खिडकीतून शेगडीचा पत्र्याचा नळ बाहेर काढला, दारावर कुणाच्या शोधात आलेल्यांनी चिठ्ठ्या लावल्या. मार्शाउकोव्स्का या मुख्य रस्त्यावर जळक्या इमारतींचे फक्त तळमजले धड होते. तिथे दुकाने लागली. भाजीपाव, दोरे-सुया, गरम जेवण, वाट्टेल ते. वर आकाश आणि खाली पाटी. वॉर्साची माणसे त्या काळच्या या रस्त्याला 'तळमजल्याची मार्शाउकोव्स्का' म्हणत. नियोजनकारांना हा बाजार डोळ्यांत खुपत असे, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरही होते. पण शहर जिवंत असल्याचा पहिला पुरावा कुठल्या विभागाने दिला असेल तर तो या पाटीवाल्यांच्या विभागाने.

कार्यालयाच्या आत मतभेद मोठे होते. पिओत्रोव्स्की-सिगालिन गटाला मोकळी पाटी मिळाली होती. एकोणिसाव्या शतकातल्या भाडोत्री इमारती त्यांच्या लेखी पिळवणुकीचे स्मारक. त्या दुरुस्त करण्याजोग्या असल्या तरी पाडल्या गेल्या, वरचे मजले छाटले गेले, नक्षी खरवडली गेली. झाख्वातोविच यांचे म्हणणे वेगळे. शत्रूने राष्ट्राची ओळख पुसण्यासाठी जाणूनबुजून जे पाडले ते तसेच पाडलेले ठेवणे म्हणजे त्याचा हेतू तडीस नेणे. जुन्या वास्तूची नक्कल करू नये हा जतनशास्त्राचा नियम त्यांना पाठ होता. तो मोडतो आहोत हे सांगून त्यांनी तो मोडला, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

तडजोड अशी झाली की जुने शहर झाख्वातोविचना, बाकीचे नव्या मताला. जुन्या शहराचा बाजारचौक २२ जुलै १९५३ला खुला झाला. कानालेत्तो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेर्नार्दो बेलोत्तो या अठराव्या शतकातल्या चित्रकाराची चित्रे पाहून वॉर्सा पुन्हा बांधले, ही गोष्ट आपल्याकडे वास्तुकलेच्या वर्गात हमखास सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. राजरस्ते, राजवाडे, चर्च यांसाठी ती चित्रे कामी आली. पण बेलोत्तो दरबारी चित्रकार, देखावा खुलवण्यासाठी हवे ते बदलायला तो कचरत नसे. गल्लीबोळांतली घरे उभी राहिली ती विद्यार्थ्यांच्या मोजणीवह्यांवरून. चित्र ऐटदार दिसते, वही दिसत नाही, म्हणून श्रेय चित्राला गेले. आणि जुनी दिसणारी ही घरे आतून नवीच होती. मागचे कोंदट चौक पुन्हा बांधलेच नाहीत, आत न्हाणीघरे आणि नव्या पद्धतीची बिऱ्हाडे आली. १९८०मध्ये युनेस्कोने या भागाला जागतिक वारसा म्हटले ते पुनर्बांधणीचे असाधारण उदाहरण म्हणून.

पैसा आणि माल कुठून आला? देशभर वर्गणी झाली. 'सारा देश आपली राजधानी बांधतो आहे' ही घोषणा भिंतीभिंतीवर होती. घोषणेत न आलेली बाब विटांची. युद्धानंतर पोलंडला मिळालेल्या पूर्वीच्या जर्मन शहरांतून, विशेषतः व्रोत्स्वाफमधून, विटांनी भरलेल्या गाड्या वॉर्साकडे निघाल्या. त्यासाठी तिथली दुरुस्त होण्याजोगी घरेही उतरवली गेली. एक शहर वसवायला दुसरे शहर खरवडले.

जमिनीचा प्रश्न सरकारने २६ ऑक्टोबर १९४५च्या एका हुकुमाने निकाली काढला. नव्या राजवटीचे प्रमुख बोलेस्लाव बिएरुत यांच्या नावाने तो ओळखला जातो. युद्धपूर्व हद्दीतली सगळी जमीन महापालिकेची. नियोजनकारांच्या दृष्टीने ही पर्वणी होती. मालकांशी घासाघीस न करता रस्ता आखता येतो, ही चैन जगातल्या फार थोड्या नगररचनाकारांना मिळाली. शहर आरपार जोडणारा पूर्व-पश्चिम मार्ग, जुन्या रस्त्याखालचा बोगदा आणि सोव्हिएत बनावटीचे सरकते जिने घेऊन, २२ जुलै १९४९ला खुला झाला तो त्यामुळेच. पण मालकांचे अर्ज फाइलींत पडून राहिले. १९८९नंतर ते बाहेर आले, हक्क विकले गेले, दलाल शिरले, भाडेकरूंना घराबाहेर काढले गेले, आणि २०१७मध्ये या सगळ्याच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. कार्यालयाची स्तुती करताना हे बिल कुणी भरले तेही लिहिले पाहिजे.

मुरानूव्ह या भागावर थोडे थांबतो. इथे ज्यूंची कोंडवस्ती होती. शहराच्या लोकसंख्येत ज्यूंचे प्रमाण युद्धापूर्वी जवळजवळ एक तृतीयांश होते, आणि आता परत येणारे जवळपास कुणी नव्हते. ढिगारा इतका की तो हलवण्याऐवजी वास्तुविशारद बोहदान लाखेर्त यांनी त्याच्यावरच वसाहत बसवली. चुरा सिमेंटमध्ये कालवून ठोकळे केले, घरे उंचवट्यांवर उभी केली. ठोकळे उघडेच ठेवावेत, विटांच्या चुऱ्याचा तांबूस रंग दिसावा, खाली काय आहे ते विसरू नये, असा त्यांचा विचार. रहिवाशांना आणि अधिकाऱ्यांना ते भकास वाटले. वरून गिलावा झाला, पांढरा रंग लागला. तिथे राहायला आले ते बाहेरून कामधंद्यासाठी आलेले लोक. घरे आली, वस्ती झाली. पण 'पुनर्वसन' शब्दातला 'पुनः' ज्यांच्यासाठी असायला हवा होता ती माणसे त्यात नव्हती.

वळिवड्याचेही तेच झाले, वेगळ्या रीतीने. याल्टाची परिषद ११ फेब्रुवारी १९४५ला संपली. पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे जाणार हे तिथे पक्के झाले. तीन दिवसांनी वॉर्सात कार्यालय स्थापन झाले. वळिवड्यातली बहुतेक कुटुंबे नेमकी त्या पूर्वेकडची. राजधानी पुन्हा बांधली जात होती, पण त्यांचे गाव आता दुसऱ्या देशात होते. काही जण नव्या सीमांच्या पोलंडमध्ये गेले, बरेच जण इंग्लंड आणि आणखी दूरच्या देशांत. १९४८पर्यंत छावणी रिकामी झाली आणि तिच्या बराकींत फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे आली. आज कोल्हापूरकर लग्नाचा बस्ता बांधायला ज्या गांधीनगरच्या कापड बाजारात जातात, ते हेच. पोलिश शाळेत आखलेले भविष्य तिथे घडले नाही. जे घडले ते कुणीही आखलेले नव्हते, आणि ते चांगले भरभराटले.

कार्यालयाची कामे पुढे इतर खात्यांकडे वाटली गेली आणि १९५१पर्यंत ते विसर्जित झाले. त्याच्या शेवटच्या काळात एक देखणा ग्रंथ निघाला, वॉर्साच्या पुनर्बांधणीची सहा वर्षांची योजना, बिएरुत यांच्या नावावर. मोठ्या आकाराची पाने, भव्य चौक, कारंजी, भुयारी रेल्वेची स्थानके, रस्त्यांवर हसरी माणसे. सारे असे काढलेले की जणू झालेच आहे. त्यातले पुष्कळसे कधी झाले नाही. भुयारी रेल्वे धावली, पण ७ एप्रिल १९९५ला. तोवर योजना मांडणारी राजवटच उरली नव्हती. शहराची लोकसंख्या युद्धापूर्वीच्या १३ लाखांवर परत पोचली ती १९७०च्या सुमारास, आणि तीही १९५१मध्ये हद्दी वाढवल्यावर. वॉर्साच्या शाही राजवाड्याच्या पुनर्बांधणीला त्याहून उशीर झाला. १९७१ला निर्णय, लोकवर्गणी, आणि बुरुजावरचे घड्याळ १९७४च्या जुलैत पुन्हा चालू केले ते सव्वाअकराला. १९३९च्या सप्टेंबरात आगीत ते त्याच वेळेला थांबले होते. आतून पाहायला राजवाडा खुला व्हायला १९८४ उजाडले.

पंचनाम्याचे रंगीत नकाशे, छायाचित्रे, आराखडे हे सगळे दप्तर वॉर्साच्या सरकारी अभिलेखागारात आहे. २०११मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक स्मृतिनोंदीत घेतले.

काम मात्र पुन्हा निघाले आहे. डिसेंबर १९४४मध्ये, अगदी शेवटी शेवटी, जर्मनांनी सॅक्सन राजवाडा उडवला. उरल्या त्या स्तंभावलीच्या तीन कमानी, ज्यांच्याखाली अज्ञात सैनिकाची समाधी आहे. कार्यालयाच्या काळात तो अवशेष तेवढा सावरून तसाच ठेवला गेला. २०२१मध्ये पोलिश संसदेने राजवाडा पुन्हा बांधण्याचा कायदा केला, त्यासाठी सरकारी कंपनी निघाली, पाया खोदून पाहिला गेला, वास्तुस्पर्धा झाली. मुदत २०३०ची आहे. मला विचाराल तर त्या तीन कमानी आहेत तशाच राहाव्यात. सगळे शहर इतके बेमालूम उभे राहिल्यावर, ते पाडले गेले होते हे दाखवणारी निदान एक जागा मध्यभागी हवी. उलट बाजूचे लोक झाख्वातोविच यांचाच दाखला देतात : शत्रूने हेतुपुरस्सर पाडले ते पाडलेले ठेवायचे नाही. वाद जुन्या कार्यालयातलाच आहे, माणसे तेवढी नवी.